नावावर काही नसलेला माणूस

शशिकांत गायधनी यांच्या नावावर जगात काहीही नव्हतं आणि या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. घर नाही, जागा नाही, ठेव नाही. दोहाच्या एका बँकेत खातं होतं, त्यात सदतीस रियाल होते, आणि तेही मशीनमधून एवढी किरकोळ रक्कम निघत नाही म्हणून राहून गेले होते. जवळजवळ तीस वर्षं गल्फमध्ये काढलेल्या माणसाची ही अवस्था ऐकून कोणालाही वाटेल, बिचाऱ्याला कोणीतरी गंडवलं. तसं काही नव्हतं. गायधनींनी चांगलं मिळवलं होतं आणि जपूनही ठेवलं होतं. फक्त त्यावर नाव त्यांचं नव्हतं.

याची सुरुवात कुवेतमध्ये झाली. नाशिकहून डिप्लोमा करून निघालेले गायधनी एकोणतिसाव्या वर्षी तिथल्या एका तेल कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून लागले. दोन वर्षांनी, नव्वदच्या ऑगस्टमध्ये, सकाळी उठून पाहतात तर देशच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला. बँका बंद. पुढे बसनं जॉर्डनची हद्द, तिथे वाळवंटात तंबू, मग विमानानं मुंबई. ही हकीकत ते पाहुण्यांना फार रंगवून सांगत. तंबूत मिळणारा कडक पाव, पाण्याची रांग, आणि सगळं सामान टाकून कपड्यांची इस्त्री तेवढी छातीशी धरून आलेला एक अकाउंटंट. पाहुणे पोट धरून हसत. शेवटी गायधनी बोट वर करून म्हणत, "तेव्हापासून एक नियम. ज्या देशात पगार मिळतो, त्या देशात तो मुक्कामाला ठेवायचा नाही."

चौऱ्याण्णव साली कतारला आल्यावर हा नियम त्यांनी लागू केला आणि पंचवीस वर्षांत एकदाही मोडला नाही. रास लफानला तेव्हा गॅसचे प्लांट उभे राहत होते. पहाटे साडेचारला कंपनीची बस, अंधार पडता पडता परत. पगाराच्या दिवशी मात्र गायधनी घरी न येता आधी मनी एक्स्चेंजच्या रांगेत उभे राहत, घरखर्चापुरते रियाल खिशात ठेवत आणि बाकीचा पगार नाशिकला रवाना करत. तिथे तो बायकोच्या नावावर जमा होई. स्वतःच्या नावावर असलेलं एकदा डोळ्यांदेखत गेलेलं होतं. पुन्हा तो धोका पत्करायचा नव्हता.

बायको म्हणजे नीताताई. त्या सत्त्याण्णवपासून मुलाला घेऊन दोहात आल्या. दर वर्षी सुट्टीत नाशिकला गेलं की पहिल्याच आठवड्यात गायधनी एक फाइल काढत, पान उलटत आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणत, "इथे." नीताताई हात पुसून सही करत. "आणि इथे." पुन्हा सही. कशावर सही चाललीय हे त्या विचारत नसत, आणि गायधनी सांगत नसत. यालाच दोघंही विश्वास म्हणत. अशा रीतीनं बावीस वर्षांत नीताताई गंगापूर रोडवरच्या एका फ्लॅटच्या, कॉलेज रोडवरच्या दोन गाळ्यांच्या आणि बऱ्याचशा ठेवींच्या मालकीण झाल्या. त्यांपैकी फ्लॅट त्यांना माहीत होता, कारण सुट्टीत त्यात राहायचं असे.

इकडे दोहात, अबू हमूरला, एका मोठ्या व्हिलाच्या पार्टिशन केलेल्या दोन खोल्यांत, या मालकीणबाई टिश्यू पेपर मधोमध फाडून वापरत. टोमॅटो फक्त बुधवारी येत, कारण बुधवारी ते स्वस्त असत. गायधनी कंजूष नव्हते हो. कोणी घरी आलं तर आग्रह करकरून वाढत. त्यांचं आपलं एवढंच म्हणणं असे, की जरा बघू, सध्या हात आखडता आहे. तो पंचवीस वर्षं आखडता होता.

दोन हजार एकोणीसच्या जूनमध्ये साठ पूर्ण होऊन गायधनी निवृत्त झाले. कंपनीनं केक कापला, घड्याळ दिलं आणि तीन आठवड्यांनी सेवेची एकरकमी रक्कम खात्यावर टाकली. ती त्याच संध्याकाळी नाशिकला गेली. कंपनीचा व्हिसा संपला, तसे दोघं नवरा-बायको व्हिजिटवर मुलाकडे, शौनककडे, दोहातल्याच अल सद्दच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. शौनक एका कन्सल्टन्सीत इंजिनियर, सून आसावरी शाळेत शिक्षिका, नात अनुष्का चार वर्षांची. ती आजोबांशी इंग्रजीत बोले आणि आजोबा तिच्याशी मराठीत. दोघांचं छान जमे.

"नाशिकला कधी जाणार?" असं कोणी विचारलं की गायधनी ठासून सांगत, "वर्ल्ड कप बघूनच जाणार." वर्ल्ड कपला अजून तीन वर्षं होती. फुटबॉलशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ऑफसाइड म्हणजे काय हे शौनकनं त्यांना तीनदा समजावलं होतं आणि तिन्हीदा त्यांनी मान डोलावली होती. पण नऊ वर्षं ज्या वर्ल्ड कपपायी गावभर खणाखणी चालली, कंपनीची बस रोज नव्या डायव्हर्जनवरून गेली, तो एकदा असतो तरी कसा हे पाहायचा आपला हक्क आहे असं त्यांना वाटे. निदान ते सांगत तरी तसं.

डिसेंबरात व्हिसाची मुदत वाढवायची वेळ आली. अल सद्दच्या मागच्या रस्त्यावर एक टायपिंग सेंटर होतं. तिथला अबूबकर केरळातल्या कासरगोडचा. वीस वर्षं लोकांचे अर्ज अरबीत टाइप करून करून त्याला इतका अंदाज आला होता, की कागद चाळता चाळताच काम होणार की नाही ते सांगे. शौनकचा पगार बायको आणि मुलगी यांच्यातच खर्ची पडत होता, आणखी दोन माणसं त्यात नियमानं बसत नव्हती, असं त्यानं पहिल्या झटक्यात सांगितलं.

"तो अंकल, आपका खुद का इन्कम दिखाना पडेगा."

"मैं तो रिटायर हूँ," गायधनी म्हणाले.

"वो ठीक है. लेकिन खाते क्या हो?"

गायधनींनी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट पुढे केलं. जूनचा पगार आला, गेला. मोठी रक्कम आली, गेली. त्यानंतर शांतता. अबूबकरनं चष्मा कपाळावर सरकवला. "अंकल, ये लेके जाओगे तो व्हिसा नहीं, खैरात मिलेगा."

"इंडिया में है सब."

"तो वो दिखाओ. किसके नाम पे है?"

"मॅडम के."

"सब?"

"सब."

अबूबकरनं चष्मा पुन्हा नाकावर आणला. मग कीबोर्ड ओढत म्हणाला, "फिर आसान है. इन्कम मॅडम का. मॅडम लिख के देगी कि अंकल का खर्चा वो उठाती है. आप डिपेंडंट. खलास."

गायधनींना तो शब्द जरा टोचला, पण काम होण्याशी मतलब. नाशिकच्या सीएनं नीताताईंची आयकराची विवरणपत्रं, भाड्याचे करार, ठेवींचे दाखले सगळं ईमेलनं पाठवलं. अबूबकरनं त्याचा गठ्ठा काढला, हमीपत्र तयार केलं. रविवारी सकाळी गायधनी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "चल गं जरा, एक सही आहे."

नीताताई भाजीची पिशवी घेऊनच निघाल्या. येता येता कोथिंबीर घेता आली असती. सेंटरवर गायधनींनी सवयीनं पान उलटलं आणि बोट ठेवलं. "इथे."

"एक मिनट," अबूबकर म्हणाला. "साइन के पहले पढके सुनाना मेरा ड्यूटी है. कोई बाद में आके झगडा करता है." आणि त्यानं वाचायला सुरुवात केली. नाव, पासपोर्ट नंबर, नातं. "मंथली इन्कम, रेंट और इंटरेस्ट मिलाके, इंडियन रुपीज एक लाख बयालीस हजार. ठीक है?"

"किसका?" नीताताईंनी विचारलं.

"आपका, मॅडम."

"मेरा नहीं है. दूसरे किसी का कागज आ गया होगा."

अबूबकरनं पुन्हा नाव पाहिलं. मग शेवटचं पान काढून त्यांच्यासमोर धरलं. "ये साइन आपका है?"

"साइन मेरा है," नीताताई म्हणाल्या.

त्यांनी तो गठ्ठा हातात घेतला. एक पान उलटलं, मग दुसरं, मग पेनाला टोपण लावून ते टेबलावर ठेवलं. गायधनींचं बोट अजून कागदाच्या जागेवरच होतं. "हे मी घरी नेते," त्या म्हणाल्या. "वाचून सही करीन."

"अगं, गुरुवारी मुदत संपतेय."

"आज रविवार आहे."

अबूबकरला मराठी येत नव्हती, पण टायपिंग सेंटरमध्ये वीस वर्षं नवरा-बायको पाहिलेल्या माणसाला ती यावीच लागत नाही. त्यानं आपल्या परीनं मदत केली. "मॅडम अकेली का तो आज ही हो जाएगा. इन्कम है ना. अंकल का ही आपके लेटर पे अटका है."

 कोथिंबीर त्या दिवशी राहिली.

सोमवार आणि मंगळवार नीताताईंनी जेवणाच्या टेबलावर बसून वाचलं. शौनक, आसावरी कामावर, अनुष्का शाळेत. घरात दोघंच. त्या चष्मा लावून एकेक कागद घेत, वाचत, उजवीकडे पालथा ठेवत. रागावल्या असत्या, रडल्या असत्या, तर गायधनींना काहीतरी करता आलं असतं. त्या नुसत्या वाचत होत्या. गायधनींनी स्वतःहून चहा केला. आलं कुठे असतं, हे त्यांना विचारावं लागलं. नीताताईंनी मान वर न करता फ्रीजकडे बोट केलं.

सोमवारी संध्याकाळी शौनकनं पाहिलं आणि म्हणाला, "आई, इट्स जस्ट अ फॉर्मॅलिटी. साइन कर आणि विषय संपव ना."

"बावीस वर्षं फॉर्मॅलिटीच केली," त्या म्हणाल्या. "आता वाचतेय." शौनक आपल्या खोलीत गेला. इंजिनियर असला तरी त्याला एवढं कळलं.

मंगळवारी दुपारी त्यांनी एक करार बाजूला काढला आणि गायधनींना समोर बसायला सांगितलं.

"हा दुसरा गाळा. दोन हजार सहा, नोव्हेंबर."

"हो. चांगला सौदा होता."

"दोन हजार सहाच्या सप्टेंबरात मी तुम्हाला ड्रायव्हिंग स्कूलची फी मागितली होती."

गायधनींना आठवेना. मग आठवलं. अबू हमूरला गाडीशिवाय कुठे जाता येत नसे. बस नाही, चालण्याजोगा रस्ता नाही, उन्हाळ्यात तर दारापलीकडे पाऊल टाकायची सोय नाही. शेजारची केरळची नर्स शिकली होती, तिनं नीताताईंना फॉर्मसुद्धा आणून दिला होता. गायधनी म्हणाले होते, जरा बघू, सध्या हात आखडता आहे.

"मी तो फॉर्म दोन वर्षं ठेवला होता," नीताताई म्हणाल्या. "शौनक शाळेतून येईपर्यंत मी त्या दोन खोल्यांत. शुक्रवारी तुम्ही न्याल तेव्हा बाहेर. मला वाटायचं, माणूस एवढा राबतोय, पैसे नाहीत तर नाहीत, आपण कशाला त्रास द्यायचा. मला तुमची दया यायची हो." त्यांनी करारावरच्या स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं. "आणि मी दोन गाळ्यांची मालकीण होते."

"आत्ता शिक ना," गायधनी घाईनं म्हणाले. "उद्या फी भरतो."

"कशातून भरता? सदतीस रियालमधून? आणि आता काय करायचंय, मेट्रो आली दाराशी." अल सद्दचं स्टेशन महिन्यापूर्वीच सुरू झालं होतं. "मला फक्त सांगा, मला का सांगितलं नाहीत."

गायधनींनी तोंड उघडलं आणि कुवेतची गोष्ट सुरू केली. तंबू, पाव, पाण्याची रांग. इस्त्रीपर्यंत आल्यावर नीताताई म्हणाल्या, "ती पाहुण्यांची. मला माझी सांगा."

तेव्हा त्यांनी टेबलक्लॉथची कड बोटानं सरळ केली. मग म्हणाले, "पासबुक मोज्यात होतं. रोज काढून बघायचो. त्यात आकडा तसाच होता, एक फिल्स कमी नाही. वाळवंटात बसून मी माझ्याच नावासमोरचा आकडा बघायचो आणि पाण्याच्या बाटलीला पैसे नव्हते. पुढे भरपाई मिळाली, पण ते वेगळं. माझं नाव दिसलं की मला भीतीच वाटते. म्हणून तुझं घातलं."

"ते कळलं. सांगितलं का नाही?"

"तू मागितलं असतंस."

"मग?"

"मग मला नाही म्हणता आलं नसतं."

नीताताईंनी चष्मा काढला. "बावीस वर्षं तुम्ही नाही म्हणायचा त्रास वाचवलात. मला मिळालं ते 'नाही'च."

 खरं होतं ते. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की काय करायचं असतं याची सवय नसल्यानं त्यांनी टेबलावरच्या कपबशा उचलून सिंकमध्ये नेल्या आणि नळ सोडला.

नीताताईंचा आणखी एक प्रश्न होता, तो त्यांनी पाठमोऱ्या नवऱ्याला विचारला. "आणि इथे कशाला राहायचंय एवढं? वर्ल्ड कप सांगू नका."

नळ चालूच होता. "नाशिकला मला ओळखतं कोण?" गायधनी म्हणाले. "बँकेत गेलं तर तुझं नाव. सीएकडे तुझं नाव. भाडेकरू मला विचारतात, मॅडम कधी येणार. इथे रास लफानच्या गेटवरचा वॉचमन वलीसुद्धा मला नावानं हाक मारायचा. तिथे मी कोण? नीताताईंचे मिस्टर."

"आणि मला इथे कोण ओळखतं?" नीताताई म्हणाल्या.

बुधवारी त्या गठ्ठ्याचा विषयच निघाला नाही. गायधनींनी एक बॅग कपाटावरून काढून पुसून ठेवली, कोणी सांगितलं नाही तरी. अनुष्कानं विचारलं, "आबा, आर यू गोइंग?" ते म्हणाले, "बघू," आणि तो शब्द तोंडातून निघाल्यावर त्यांनी ओशाळून नीताताईंकडे पाहिलं.

गुरुवारी सकाळी आठ वाजता नीताताई निळी साडी नेसून, गठ्ठा पिशवीत घालून दाराशी उभ्या राहिल्या. "चला," एवढंच म्हणाल्या. गायधनी पायात एक सँडल घालून, दुसरी हातात घेऊन निघाले.

अबूबकरनं हमीपत्र पुढे केलं. नीताताईंनी ते सरकवलं. "ये नहीं. मैं बोलती हूँ, वो लिखो." त्या उभ्याउभ्याच सांगू लागल्या. मैं नीता शशिकांत गायधनी. मेरे नाम पे एक घर और दो दुकान हैं. ये सब मेरे पति ने कमाया और मुझे बिना बताए मेरे नाम पे किया. अब उनके पास कुछ नहीं है. उनका खाना, रहना, दवाई, सब मैं देखूँगी, जब तक मेरी मर्जी है.

अबूबकर टाइप करता करता थांबला. "मॅडम, 'बिना बताए' अरबी में अच्छा नहीं लगेगा. काउंटर पे सवाल करेंगे."

नीताताईंनी विचार केला. "ठीक है, वो काट दो. लेकिन 'जब तक मेरी मर्जी' रहने दो."

"उसके जगह मुदत लिखना पडता है. छे महिना मिलता है."

"तो छे महिना लिखो."

त्यानं वाचून दाखवलं, त्यांनी ऐकलं, मग कागद हातात घेऊन न समजणाऱ्या अरबीवरूनही एकदा नजर फिरवली आणि सही केली. गायधनींनी या वेळी बोट ठेवलं नाही. तिथून व्हिसाच्या कार्यालयात गेल्यावर काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही पासपोर्ट पाहिले, नवऱ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, इंग्रजीत विचारलं, "यू आर द वन सपोर्टिंग हिम?" नीताताई म्हणाल्या, "येस." शिक्का बसला. सगळं मिळून चार मिनिटं लागली.

बाहेर ऊन कोवळं होतं. समोर रस्त्याच्या मधोमध नव्या पुलाचं काम चाललं होतं आणि गाड्या लांबच्या लांब वळसा घेत होत्या. गायधनींनी चालता चालता विचारलं, "राग गेला ना?"

"नाही," नीताताई म्हणाल्या. "सही केली, कारण तुम्ही एकटे गेला असतात तर मला घास उतरला नसता. राग वेगळा. तो आहे."

"किती दिवस?"

"ते मला काय ठाऊक. सहा महिन्यांनी पुन्हा सही लागेल ना? तेव्हा विचारा."

"आणि तेव्हा नाही केलीस तर?"

नीताताईंनी पदर सावरला, दोन्ही बाजूंना पाहिलं आणि रस्ता ओलांडायला लागल्या. गायधनी मागोमाग.

"तर नाशिकला या," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात जागा आहे."